बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे भारतातील अग्रगण्य डावखुरे फिरकी गोलंदाज होते. क्रिकेटच्या नोंदींत त्यांचे नाव बहुधा ‘पी. बाळू’ असे आढळते. तत्कालीन अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून येऊन भारतीय क्रीडाक्षेत्रात सर्वमान्य कीर्ती मिळवणारे ते पहिले मोठे खेळाडू होत. मुंबईच्या तिरंगी व पुढे चौरंगी स्पर्धांत त्यांनी हिंदू संघाकडून गोलंदाजी केली. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी मिळवले. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तो १९३२ साली, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी सामना नाही. उत्तरायुष्यात त्यांनी राजकारणातही भाग घेतला.

जन्म व कुटुंब

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरूनच आले. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते. त्यांच्या नोकरीविषयी दोन वृत्तान्त प्रचलित आहेत. एकानुसार ते पायदळाच्या पलटणीत होते, तर दुसऱ्यानुसार पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. बाळूंच्या जन्मतारखेबाबतही एकवाक्यता नाही. काही लेखक १८७५ चा जुलै महिना देतात.

बाळू हे चार भावांत थोरले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे तिघेही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले. चौघा सख्ख्या भावांनी वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळावे, हे कोणत्याही काळात दुर्मिळच. ज्या कुटुंबाला गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचीही मुभा नसे, त्या कुटुंबात हे घडावे ही बाब तर वेगळीच नोंद घेण्याजोगी आहे. यामागे पुण्याच्या लष्करी छावणीचे वातावरण होते. गोऱ्या सैनिकांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व शिवराम खेळू लागले आणि खेळाचे पहिले धडे त्यांनी असे स्वतःच गिरवले. शालेय शिक्षण मात्र घरच्या ओढगस्तीमुळे लवकर सुटले.

मैदानावरील नोकरी

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, अशी कामे होती. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे पगारात १ रुपयाची वाढ मिळाली आणि कामांतही वाढ झाली. रोलर फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसची मैदाने तयार करणे ही सर्व कामे त्यांच्याकडे आली.

या चाकरीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. किती पाणी मारल्यावर माती कशी बसते, रोलर किती वेळ फिरवला म्हणजे पृष्ठभाग घट्ट होतो, सकाळचे दव सुकायला किती वेळ लागतो, पावसानंतर उन्हाचा चटका बसला की खेळपट्टीचा वरचा थर कसा कडक होतो आणि खालची माती कशी ओलीच राहते, हे त्यांनी रोजच्या श्रमातून पाहिले होते. गोलंदाज एरवी खेळपट्टी ओळखायला शिकतो ती मार खाऊन. बाळूंनी ती बनवून ओळखली. पुढे मुंबई-पुण्याच्या पावसाळी हवामानात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर त्यांनी जे यश मिळवले, त्याची पूर्वतयारी या ४ रुपयांच्या नोकरीत झाली होती असे म्हणता येईल.

सरावाच्या जाळीत चेंडू टाकण्यास त्यांना क्लबातील एका इंग्रज सभासदाने उत्तेजन दिले. त्या काळी पुण्यात खेळणाऱ्या कॅप्टन बार्टन नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाची सहज, वळणदार फेक पाहून बाळूंनी आपली शैली घडवली असे सांगतात. त्यांच्या गोलंदाजीचा सर्वाधिक लाभ घेतला तो कॅप्टन जे. जी. ग्रेग यांनी. ग्रेग हे हॅम्पशायरकडूनही खेळलेले, भारतातील त्या काळचे सर्वोत्तम युरोपियन फलंदाज. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी ते मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास दर खेपेस ग्रेग ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास एका बळीचे मोल महिन्याच्या पगाराचा आठवा हिस्सा होते.

या सर्व काळात बाळूंच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही. साहेबांनी फलंदाजी करावी व नेटिव नोकराने गोलंदाजी, ही विभागणी गृहीतच होती. शेकडो तास गोलंदाजी करूनही पूना क्लबात एकदाही फलंदाजीची संधी मिळाली नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात आयुष्यभर राहिली.

पुण्यातील हिंदू संघ

ग्रेगसारख्या फलंदाजाला अडचणीत आणणारा गोलंदाज शहरात आहे ही वार्ता हिंदू क्रिकेटपटूंपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. युरोपियनांच्या संघाला हरवण्याची पुण्यातील हिंदूंची आकांक्षा मोठी होती. परंतु बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर संघात फूट पडली. तेलंगी खेळाडूंचा गट अनुकूल होता, तर काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. अखेरीस जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळूंना प्रवेश मिळाला.

हा प्रवेश मैदानाच्या सीमारेषेपुरताच होता. बाळूंनी हाताळलेला चेंडू इतर खेळाडू निःशंकपणे हाताळीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी असे. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते अस्पृश्य नोकराने आणून ओतावे लागे. चेंडू चामड्याचा असतो आणि चामडे कमावणाऱ्या हातांनाच विटाळाचे मानले जात होते, याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केलेला दिसत नाही.

बाळूंच्या समावेशानंतर पुण्याच्या हिंदू संघाने पूना युरोपियनांसह आसपासच्या अनेक संघांना नमवले.

साताऱ्याचा सामना

या काळातील सर्वांत गाजलेला सामना साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा होय. बाळूंची ख्याती यजमानांच्या कानी आधीच गेली होती. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी जिमखान्याने आपल्या माळ्याला आठवडाभर सतत रोलर फिरवून खेळपट्टी कठीण व निर्जीव करण्यास सांगितले, असा वृत्तान्त आहे.

ही योजना शास्त्राला धरून होती. फिरकी गोलंदाजाच्या चेंडूला वळण मिळते ते चेंडू जमिनीला घासून क्षणभर धरला गेल्यामुळे. माती सैल, ओलसर वा भेगाळलेली असली की चेंडूची पकड घट्ट बसते व तो वळतो. जड रोलरने दाबून, सुकवून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर तो घसरून सरळ बॅटवर येतो. वळण नाही, अनपेक्षित उसळी नाही, अशा स्थितीत मंदगती गोलंदाजाच्या चेंडूंवर धावा काढणे सोपे जाते.

बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि हिंदू संघाने सामना सहज जिंकला. खेळपट्टीकडून मदत नसताना गोलंदाजाच्या हाती उरतात त्या तीन गोष्टी : अचूक टप्पा, हवेतील फेरफार आणि वेगातील न कळणारा बदल. या तिन्हींवर त्यांचे प्रभुत्व होते, हे या सामन्याने दाखवले. एरवी रोलर फिरवणे हे ज्याचे काम, त्याच्याविरुद्धच रोलर वापरला गेला, यातील विसंगतीही लक्षणीय आहे.

या विजयांनंतर पुण्यात झालेल्या सत्कारसमारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हस्ते बाळूंचा गौरव झाला. लोकमान्य टिळकांनीही त्यांना सार्वजनिक सभेत गौरविले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ज्यांची मते जुळत नसत, अशा दोन नेत्यांनी एकाच खेळाडूचा सन्मान केला.

गोलंदाजीची शैली

बाळू हे डाव्या हाताने पारंपरिक फिरकी टाकत. हात उंचावून, सहज व न दमता चेंडू टाकण्याची त्यांची पद्धत होती. दिवसभर एका बाजूने गोलंदाजी करण्याची त्यांची क्षमता समकालीनांनी वाखाणली आहे. उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर जाणारा चेंडू हे त्यांचे मुख्य अस्त्र. मात्र चेंडू आत आणण्याचे कसबही त्यांना साधले होते आणि दोहोंसाठी हाताची हालचाल जवळजवळ सारखीच असे. इंग्लंडचा विख्यात डावखुरा गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याच्याशी त्यांची तुलना केली जाई.

त्यांच्या यशाचा मोठा भाग ओल्या खेळपट्टीशी निगडित आहे. मुंबई व पुण्याचे प्रमुख सामने पुष्कळदा पावसाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस होत. खेळपट्टी झाकण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पावसात पूर्ण भिजलेली खेळपट्टी प्रत्यक्षात गोलंदाजाला फारशी उपयोगी नसते, कारण चेंडू तिच्यावरून घसरतो आणि ओला चेंडू बोटांत धरवत नाही. खरा धोका असतो तो ऊन पडल्यावर. वरचा थर सुकू लागतो, खालचा मऊ राहतो, आणि टप्पा पडताच चेंडू रुतून अचानक उसळतो किंवा झटकन वळतो. ही अवस्था काही वेळच टिकते. ती सुरू केव्हा झाली व संपत केव्हा आली हे ओळखून त्याप्रमाणे वेग व टप्पा बदलणारा गोलंदाज सामना फिरवू शकतो. अशा वेळी पुष्कळ गोलंदाज हावरेपणाने चेंडू जास्त वळवू पाहतात आणि तो फलंदाजाच्या बॅटला चुकवून भलतीकडे जातो. बाळूंचे वैशिष्ट्य असे की खेळपट्टी जितकी साह्य करी तितका ते स्वतः संयम पाळीत.

मुंबईत आगमन

पुण्यातील प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ त्यांनी ११२ व्या पायदळ पलटणीत काम केले. पुढे ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या सेवेत गेले. मुंबईत १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यावरून पुन्हा वाद झाला. काही गुजराती सभासदांचा विरोध होता; परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी बाळूंच्या निवडीचा आग्रह धरला व तो मान्य झाला. कलकत्त्याकडे नाटोरच्या महाराजांच्या संघातूनही पालवणकर बंधू खेळले.

१९०६ चा सामना

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन यांच्यात झालेला सामना हा बाळूंच्या कारकिर्दीतील, आणि हिंदू क्रिकेटच्याही इतिहासातील, महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पारशी संघाने याआधी युरोपियनांना हरवले होते. हिंदूंना ते साधले नव्हते. बाळू व शिवराम हे दोघेही या संघात होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, त्यास युरोपियनांनी १९१ धावांचे उत्तर दिले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. विजयासाठी २१२ धावांची गरज असताना युरोपियनांचा संघ १०२ धावांत आटोपला आणि हिंदूंनी सामना १०९ धावांनी जिंकला. दुसऱ्या डावातील पडझडीचे श्रेय मुख्यत्वे बाळू व त्यांचे सहकारी एराशा यांना जाते.

हा विजय राजकीय अर्थानेही पाहिला गेला. वंगभंगाच्या चळवळीमुळे देशभर वातावरण तापलेले होते आणि राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात झालेला पराभव वृत्तपत्रांनी उचलून धरला. सुधारकांनी त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. पुण्यात मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा घेणारा खेळाडू आता हिंदू जिमखान्याच्या मंडपात इतरांच्या पंक्तीला बसून जेवत होता. ही सुधारणा बळींच्या संख्येने घडवली, तत्त्वाच्या मान्यतेने नव्हे, असा आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही. पुढील चौदा वर्षांच्या घटनांवरून ते अधिक स्पष्ट होते.

तिरंगी व चौरंगी स्पर्धा

१९०७ पासून हिंदू, पारशी व युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ सामील झाल्यावर ती चौरंगी झाली. धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेवर पुढे बरीच टीका झाली व १९४६ च्या सुमारास ती बंद पडली. परंतु बाळूंच्या काळात भारतातील सर्वोच्च दर्जाचे क्रिकेट हेच होते. ग्रेग व बाळू हे पूना क्लबातील जुने मालक-नोकर या स्पर्धेत प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आले. बाळूंच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, १९१६ मध्ये, नागपूरचे सी. के. नायडू हिंदू संघात दाखल झाले.

बाळूंच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीचा आरंभ १९०६ चा धरला जातो. तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकलेले होते. गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे जाळीत साहेबांना सराव देण्यात गेली, त्यांची नोंद कोणत्याही आकडेवारीत नाही. १७९ बळी हे तीस ते पंचेचाळीस या वयातील आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे मूल्यमापन करावे लागते. प्रथम श्रेणीत त्यांनी ७५३ धावाही केल्या.

१९११ चा इंग्लंड दौरा

सर्व धर्मांच्या खेळाडूंचा समावेश असलेला पहिला भारतीय संघ १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. बाळू व शिवराम या दोघांचीही निवड झाली होती. महाराजांचे बरेचसे लक्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणानिमित्तच्या समारंभांकडे असल्याने ते थोडेच सामने खेळले. संघाला कायम एक कर्णधार नव्हता, क्षेत्ररक्षण ढिले होते, झेल सुटत. २३ सामन्यांपैकी १५ मध्ये पराभव झाला.

त्यातच त्या वर्षीचा इंग्लंडमधील उन्हाळा असाधारण उष्ण व कोरडा ठरला. इंग्लंड म्हटले की ओलसर खेळपट्टी, अशी सर्वसाधारण समजूत. पण १९११ मध्ये मैदाने टणक व वेगवान होती आणि फलंदाजांना अनुकूल. बाळूंच्या दृष्टीने साताऱ्याच्या खेळपट्टीचीच ही वारंवार आवृत्ती होती. शिवाय दौऱ्याच्या काळात त्यांचा खांदा दुखत होता.

या परिस्थितीत त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी मिळवले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची एका डावातील सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ बळी घेतले व संघाला दौऱ्यातील पहिला विजय मिळवून दिला. पाठोपाठ टाँटन येथे सॉमरसेटवर एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतीय संघाला हे दोनच विजय मिळाले आणि दोहोंत पालवणकर बंधूंचा निर्णायक वाटा होता.

या दौऱ्यात प्रथम श्रेणीतील त्यांची सरासरी वीस धावांच्या आसपास होती. ही ७५ बळींची बेरीज एकूण कारकिर्दीतून वजा केली, तर उरलेल्या शंभरावर बळींची सरासरी बाराच्या आत येते. मायदेशीच्या ओलसर व खडबडीत खेळपट्ट्या आणि त्या वर्षीच्या इंग्लंडच्या टणक खेळपट्ट्या यांतील फरक या दोन आकड्यांत दिसतो. इंग्लंडमधील समीक्षकांनी बाळूंची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि एखाद्या परगण्याकडून व्यावसायिक म्हणून खेळण्यासाठी त्यांना विचारणा झाली. ते मायदेशी परतले.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाच्या वतीने त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते असे सांगितले जाते.

कर्णधारपदाचा प्रश्न

साधारण १९१० पासून दर वर्षी एक प्रश्न पुढे येत राहिला. अनुभव, कामगिरी व खेळाची जाण या सर्व कसोट्यांवर बाळू हे हिंदू संघातील ज्येष्ठ खेळाडू होते. तरी कर्णधारपद त्यांना मिळत नव्हते. बाळूंचे चाहते ही मागणी करीत आणि निवड समिती ती टाळी. १९१३ मध्ये एम. डी. पै यांची कर्णधारपदी निवड झाली. सत्काराला उत्तर देताना पै यांनी हा मान आपल्यापेक्षा बाळूंचा होता असे मोकळेपणाने सांगितले. सारस्वत ब्राह्मण असलेल्या पै यांची ही भूमिका त्या काळात धैर्याची होती. परंतु निर्णय बदलला नाही.

१९२० मध्ये हा प्रश्न निकराला आला. तोपर्यंत गांधीजींच्या चळवळीमुळे अस्पृश्यतेचा विषय सार्वजनिक चर्चेत अग्रभागी होता. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी पै उपलब्ध नव्हते. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. मग ज्येष्ठतेनुसार विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व यावे अशी अपेक्षा होती. समितीने पुण्याचे डी. बी. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर उत्तम फलंदाज होते, मात्र ज्येष्ठतेने कनिष्ठ. विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे होणाऱ्या अन्यायाविषयी जाहीर निवेदन काढले. वृत्तपत्रांतून त्यांना मोठा पाठिंबा मिळाला.

लोकमताच्या दबावापुढे समितीला नमावे लागले. पारशांविरुद्धच्या पुढील सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊही खेळण्यास तयार झाले. सामना सुरू असताना पै काही काळ मैदानाबाहेर राहिले व त्या वेळेपुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पै यांनी हे जाणूनबुजून केले असे मानले जाते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यावर, हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते असे.

१९२३ मध्ये विठ्ठल यांची कर्णधारपदी रीतसर नेमणूक झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले असून पालवणकर बंधूंच्या खेळाविषयीचा तो महत्त्वाचा ऐवज आहे. बाळूंनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही.

राजकीय जीवन

क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर बाळू दलित समाजाच्या सार्वजनिक कार्यात सहभागी झाले. डॉ. आंबेडकर व बाळू यांचे संबंध आरंभी परस्पर आदराचे होते. विद्यार्थिदशेतील आंबेडकरांना बाळूंच्या यशाचा अभिमान होता. पुढे मात्र दोघांचे मार्ग वेगळे झाले. बाळूंचा कल गांधीजींच्या भूमिकेकडे होता. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी त्यांना मान्य नव्हती आणि संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा यांच्या बाजूने ते एम. सी. राजा यांच्यासोबत उभे राहिले. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा येथे झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूंचेही नाव आहे. त्याच करारावर आंबेडकरांचीही सही आहे.

१९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली व ते पराभूत झाले. १९३५ मध्ये येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला उघड विरोध केला.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या ई व एफ वॉर्डांच्या मतदारसंघातून आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळूंना उमेदवारी दिली. या उमेदवारीस बाळू फारसे उत्सुक नव्हते असे म्हटले जाते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. या लढतीमुळे पुढील काळात बाळूंच्या वाट्याला उपेक्षा आली. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात ते प्रतिस्पर्धी म्हणून उरले आणि काँग्रेसच्या इतिहासात एक पराभूत उमेदवार म्हणून. खेळाडू म्हणून त्यांचे स्थान दोन्हीकडे मागे पडले. ज्या माणसाने मंडपाबाहेरून मंडपात प्रवेश मिळवला होता, त्याला हिंदू समाजात राहूनच बदल घडेल असे वाटणे समजण्यासारखे आहे. त्याच अनुभवातील १९१० ते १९२० ही वर्षे डोळ्यांसमोर ठेवणाऱ्यास उलट निष्कर्षही काढता येतो.

निधन व स्मृती

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यविधीस राजकीय क्षेत्रातील व क्रिकेटमधील मंडळी उपस्थित होती.

त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव जुन्या धावफलकांपुरतेच राहिले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पालवणकर बंधूंची कहाणी विस्ताराने मांडली आणि बाळूंविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले. मुंबईच्या प्रभादेवी भागातील एका रस्त्याला पी. बाळू मार्ग असे नाव आहे.